रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकावरचा आशय-इशारा: वाचायचा कसा, टेबलापर्यंत न्यायचा कसा

काही वर्षांपूर्वी मी एक तयार अ‍ॅडव्हेंचर चालवत होते, म्हणजे छापील कथा हाताशी घेऊन मी प्रसंग सांगायचे आणि टेबलाभोवती बसलेले खेळाडू आपापलं पात्र काय करतं ते सांगायचे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: ‘फक्त प्रौढांसाठी’. आम्ही पाचही जण प्रौढच होतो, त्यामुळे त्या ओळीवर माझी नजर दुसऱ्यांदा गेलीच नाही. खेळाचा तिसरा तास चालू होता. पात्रांनी वरच्या मजल्यावरची बंद खोली उघडली आणि मी पुस्तकात होतं ते वर्णन जसंच्या तसं वाचून दाखवलं: पाळणा, आणि पाळण्यात काय होतं ते. समोर बसलेल्या मैत्रिणीने हातातले फासे टेबलावर ठेवले, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. नंतर तिने मला जे सांगितलं ते तिचं आहे, ते इथे लिहिणार नाही. एक वाक्य मात्र तिला विचारून लिहिते आहे: ‘आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी आले नसते, नाहीतर तू ती खोली बदलली असतीस.’

पान ३१ वर काय आहे ते पुस्तकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं, मी ते पान दोनदा वाचलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये आशय-इशारा, म्हणजे कंटेंट वॉर्निंग, एवढी महत्त्वाची का असते ते यात आलं. कादंबरी जो विकत घेतो तोच बहुतेक वेळा ती वाचतो. इथे पुस्तक विकत घेतो एक जण, खेळ चालवणारा गेम मास्टर, आणि त्यातल्या प्रसंगांना सामोरे जातात बाकीचे चार-पाच जण, ज्यांनी त्या पुस्तकाचं मुखपृष्ठही कदाचित पाहिलेलं नसतं. शिवाय ते प्रसंग नुसते पाहायचे नसतात. खेळाडू ‘मी दार उघडते’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणतो आणि दारामागचं त्याच्या अंगावर येतं, तेही चार लोकांच्या देखत. पान मिटता येत नाही, चॅनेल बदलता येत नाही. म्हणून इथल्या इशाऱ्याला दोन टप्पे पार करावे लागतात: पुस्तकाकडून गेम मास्टरकडे आणि गेम मास्टरकडून खेळाडूंकडे. माझ्या हातून दुसरा टप्पा राहिला. नव्याने गेम चालवणाऱ्यांच्या हातून बहुतेक वेळा तोच राहतो.

पहिली पायरी: आधी हा कुठल्या जातीचा शिक्का आहे ते ओळखा

पुस्तकावर किंवा विक्रीच्या पानावर जे काही लिहिलेलं असतं त्यात वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

एक असतो वयाचा शिक्का. ‘१२ वर्षांवरील’, ‘१८ वर्षांवरील’ असं काहीतरी. व्हिडिओ गेमच्या जगात अशी वर्गवारी करणाऱ्या संस्था आहेत, अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी. टेबलटॉप रोलप्लेइंगच्या पुस्तकांना मात्र अशी सर्वमान्य तपासणी नाही. जो आकडा दिसतो तो प्रकाशकाने स्वतः ठरवलेला असतो. एका प्रकाशकाच्या ‘१८’ मध्ये रक्त असेल, दुसऱ्याच्या ‘१८’ मध्ये लैंगिक अत्याचार असेल. आकडा दोन्हीकडे तोच.

दुसरा असतो दुकानाचा शिक्का. ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात प्रौढांसाठीची उत्पादनं मुळात लपवलेली असतात. ती दिसायला खात्यात शिरून सेटिंग बदलावं लागतं. इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे प्रौढ म्हणून नोंदलेली उत्पादनं शोधयादीतून काढली गेली. यावरून एवढं समजून घ्या की दुकानाचा शिक्का कोण काय विकू शकतो आणि पैसे कसे येतात यासाठी असतो. तुमच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला काय सोसेल याचा विचार त्यात नसतो. १९९० च्या दशकात व्हाइट वुल्फ या प्रकाशकाने जास्त गडद पुस्तकांसाठी ब्लॅक डॉग गेम फॅक्टरी असं वेगळं नावच ठेवलं होतं. तोही याच प्रकारचा शिक्का. ‘आत काहीतरी आहे’ एवढं कळायचं, काय आहे ते नाही.

तिसरा प्रकार नवीन आहे. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकाने २०२० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जुन्या पुस्तकांवर एक निवेदन लावलं: यातला काही मजकूर आजच्या आमच्या मूल्यांशी जुळत नाही, त्यात वंश, लिंग वगैरेंबाबतचे पूर्वग्रह असू शकतात, अशा अर्थाचं. हे पुस्तकाच्या दृष्टिकोनाबद्दल आहे. कोणत्या पानावर काय घडतं ते त्यातून समजत नाही, आणि एकच निवेदन कितीतरी पुस्तकांवर असल्यामुळे नेमकं कुठे जपायचं तेही समजत नाही.

खरा आशय-इशारा या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो आत काय आहे त्याची नावं घेतो. नावं घेतलेली नसतील तर इशारा आहे असं धरूच नका. पहिल्या पानावरची ती एक ओळ मी इशारा म्हणून धरली होती.

दुसरी पायरी: शोधायचा कुठे

विकत घेण्याआधी विक्रीच्या पानावरचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. इशारा बऱ्याचदा तळाशी असतो. नमुना पानं मोफत असतील तर उतरवून घ्या आणि श्रेयनामावलीचं पान, प्रस्तावना आणि ‘गेम मास्टरसाठी’ असं जे प्रकरण असेल त्याची सुरुवात पाहा. छापील पुस्तक हातात असेल तर मलपृष्ठ आणि अगदी शेवटची पानंही चाळा. ‘व्हँपायर: द मास्करेड’ या खेळाच्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत एकमेकांना सांभाळून खेळण्याबद्दलचं विवेचन परिशिष्टात, म्हणजे पुस्तक जवळजवळ संपल्यावर आहे. मजकूर चांगला आहे, पण नवखा माणूस तिथपर्यंत पोचायच्या आत पहिला खेळ मांडून मोकळा झालेला असतो.

तिसरी पायरी: वाचायचा कसा

समजा एका अ‍ॅडव्हेंचरमध्ये एका गावातली मुलं विहिरीकडे ओढली जाऊन नाहीशी होतायत. हे माझं मनचं उदाहरण आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. त्यावर असा इशारा असू शकतो:

‘या अ‍ॅडव्हेंचरमध्ये हिंसा आणि संवेदनशील विषय आहेत.’

किंवा असा:

‘मुलांचा मृत्यू (कथेच्या केंद्रस्थानी, मृतदेह दोन ठिकाणी दिसतात, पान १२ आणि १९). बुडणं, बंदिस्त अंधारी जागा (शेवटचं प्रकरण, खेळाडूंच्या पात्रांवर ओढवू शकतं). एका आईची आत्महत्या (खेळ सुरू होण्याआधी घडलेली, फक्त उल्लेख). कुत्रा आहे, त्याला काही होत नाही.’

पहिल्या इशाऱ्यावरून तुम्ही काहीही ठरवू शकत नाही. दुसऱ्यावरून सगळं ठरवता येतं, कारण विषयाच्या नावाबरोबर त्यात आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. ती गोष्ट कथेच्या मध्यभागी आहे की कडेला? आणि ती कशी समोर येते: कुणीतरी सांगतं, डोळ्यांसमोर दिसते, की खेळाडूच्या स्वतःच्या पात्रावर ओढवते? आत्महत्येचा जुना उल्लेख एका वाक्यात गाळता येतो. मुलांचा मृत्यू गाळला तर अ‍ॅडव्हेंचरच उरत नाही. विकत घेतलेल्या पुस्तकात दोनच शब्दांचा इशारा असेल तर हे तपशील तुम्ही स्वतः वाचून भरा.

चौथी पायरी: इशारा नसेलच तर

जुन्या पुस्तकांत तो बहुधा नसतोच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा, ‘कॉल ऑफ क्थुलू’ १९८१ चा. त्या काळात असं काही लिहायची रीतच नव्हती. अशा वेळी यादी आपणच करायची. पेन्सिल घेऊन बसा आणि अ‍ॅडव्हेंचर एकदा फक्त याच नजरेने वाचा. नियम, नकाशे, बक्षिसं सगळं बाजूला ठेवा.

या वाचनात नवखे लोक काही जागा हमखास सोडतात. रँडम टेबल, म्हणजे फासे टाकून घटना निवडायचा तक्ता, ही त्यातली पहिली. मुख्य कथा सौम्य असते आणि फाशावर १७ पडला की रस्त्यात असं काहीतरी समोर येतं ज्याची तुम्ही तयारीच केलेली नसते. त्या तक्त्यातली एकूण एक ओळ वाचा. दुसरी जागा म्हणजे खलनायकाची पूर्वकथा. ती गेम मास्टरसाठी लिहिलेली असते, म्हणून लेखक तिथे हात मोकळा सोडतात, आणि मग एखादा चौकस खेळाडू नेमकं तेच खणून काढतो. तिसरी जागा चित्रं आणि हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद. वर्णन तुम्ही बोलताना आवरू शकता, पण चित्र एकदा पुढे सरकवलं की सरकवलं. कोळ्यांची भीती असलेल्या माणसाला ‘मोठा कोळी’ हे शब्द कदाचित चालतील, पूर्ण पानभर चित्र चालणार नाही.

चौथी जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे नियम. ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये पात्राचं मानसिक संतुलन आकड्यात मोजतात आणि भयंकर काही पाहिलं की तो आकडा उतरतो, पात्र भ्रमिष्ट होतं. तो खेळ त्या नियमावरच उभा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण ज्याच्या घरात मानसिक आजार आहे त्याला तो आकडा दर तासाला खाली जाताना पाहणं जड जाऊ शकतं, मग कथेत आजाराचा एकही प्रसंग नसला तरी. नियमातला आशयही यादीत घ्या.

पीडीएफमध्ये शब्द शोधून काम भागेल असं वाटतं. थोडंच भागतं. सगळ्यात वाईट प्रसंग लेखक आडवळणाने लिहितात आणि शोधायचा शब्द तिथे नसतोच. पान ३१ वर ‘मृत्यू’ हा शब्द नव्हता.

पाचवी पायरी: खेळाडूंपर्यंत पोचवा

ही पायरी सगळ्यात मोलाची, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला निरोप जाईल त्याच निरोपात यादी जाऊ दे. सगळे जमल्यावर, फासे बाहेर काढल्यावर ‘कुणाला काही अडचण नाही ना?’ असं विचारलं तर कुणीही अडचण सांगत नाही. वेळ काढून, लांबून आलेला माणूस चार जणांसमोर ‘मला हे नको’ म्हणायला धजत नाही. नकार देणं सोपं असतं तेव्हा, म्हणजे घरी, एकट्याने, निरोप वाचताना विचारा. मी साधारण असं लिहिते:

‘शनिवारचा खेळ भयकथा आहे. त्यात मुलांचा मृत्यू, बुडणं आणि अंधाऱ्या बंद जागा येतील. यातलं किंवा यात नसलेलंही काही टेबलावर अजिबात नको असेल, किंवा आलं तरी वर्णन नको असेल, तर मला एकटीला कळवा. कारण सांगायची गरज नाही. यावेळी नको असं कळवलं तरी चालेल.’

‘कारण सांगायची गरज नाही’ हे वाक्य गाळू नका, आणि मग खरंच कारण विचारू नका. काळजीपोटी विचारलं तरी समोरच्याला ते उलगडून सांगायला लावलंच ना.

‘अजिबात नको’ आणि ‘वर्णन नको’ हा फरक रॉन एडवर्ड्स या डिझायनरच्या ‘लाइन्स आणि व्हेल्स’ या जोडीतून आला आहे. लाइन म्हणजे रेघ: ही गोष्ट आपल्या खेळात नाहीच. व्हेल म्हणजे पडदा: गोष्ट घडते, पण पडद्यामागे, आणि आपण पुढच्या प्रसंगाला जातो. पुस्तकावरच्या इशाऱ्यातली प्रत्येक नोंद घ्या आणि तिच्यापुढे रेघ, पडदा की चालेल एवढं लिहून घ्या. तयार तक्ता हवा असेल तर मॉन्टे कुक गेम्सची ‘कन्सेंट इन गेमिंग’ ही २०१९ ची पुस्तिका मोफत मिळते. तिच्या शेवटी विषयांची यादी आहे, आणि प्रत्येक विषयापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. बोलायला लाजणाऱ्या लोकांना रंग भरणं सोपं जातं, हा माझा अनुभव आहे.

आता रहस्याचा प्रश्न. यादी दिली की कथा फुटते ही तक्रार मी खूप ऐकली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. त्यावर उपाय आहेत. इशाऱ्यात विषय सांगा, घटना सांगू नका: ‘विश्वासघात, कुटुंबातली हिंसा’ पुरेसं आहे, ‘धाकटा भाऊ खुनी’ सांगायची गरज नाही. यादीत कथेत नसलेले दोन-तीन विषयही घाला, म्हणजे यादीवरून कुणाला अंदाज बांधता येत नाही. आणि कुणी एकट्याने तपशील मागितला तर सरळ द्या. ज्याला तपशील हवा आहे त्याने रहस्यापेक्षा मनाची तयारी निवडली आहे, आणि तो निवडायचा हक्क त्याचाच आहे.

उत्तरं आली की पुस्तकात बदल करा. बदलताना त्या प्रसंगाचं कथेत काम काय आहे ते आधी पाहा. माझ्या अ‍ॅडव्हेंचरमधल्या पाळण्याचं काम एवढंच होतं की या घरात कुणीतरी दुःखाने वेडं झालंय हे पात्रांना कळावं. ते काम न उघडलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यानेही झालं असतं. मात्र रेघ मारलेला विषय कथेच्या केंद्रस्थानीच असेल तर ओढूनताणून दुरुस्ती करत बसू नका. त्या गटासाठी दुसरं अ‍ॅडव्हेंचर निवडा आणि हे दुसऱ्या गटासाठी ठेवा. विषय टाळायचा म्हणून एका खेळाडूलाच ‘तू या वेळी नको येऊस’ असं सांगणं हा उपाय नव्हे.

सहावी पायरी: खेळ चालू असताना

इशारा कितीही नेमका असला तरी तो छापलेल्या मजकुराबद्दलच बोलू शकतो. अर्धा खेळ टेबलावरची माणसं तिथल्या तिथे रचतात. कुणीतरी कैद्याचा छळ करायला निघतो आणि पुस्तकात तसलं काही नसतंच. म्हणून टेबलावर थांबवण्याची सोय हवी. जॉन स्टॅव्ह्रोपुलोस यांचं एक्स-कार्ड सगळ्यात सोपं: कागदावर फुली काढून मधोमध ठेवायची, कुणीही ती उचलली किंवा तिला बोट लावलं की चालू असलेली गोष्ट बदलायची, का ते विचारायचं नाही. ऑनलाइन खेळत असाल तर चॅटमध्ये एक्स टाइप करायचा. ब्यू यागर शेल्डन यांच्या ‘स्क्रिप्ट चेंज’मध्ये चित्रफितीसारखं थांबवणं, मागे नेणं, पुढे पळवणं आहे. नुसती फुली काहींना फार टोकाची वाटते, त्यांना हे बरं पडतं. पहिल्या तासात गेम मास्टरने स्वतः एकदा कार्ड वापरून दाखवावं. मी ते दर नव्या गटात करते, कारण त्यानंतरच बाकीच्यांचा हात कार्डाकडे जातो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ट्रिगर वॉर्निंगवरच्या, म्हणजे त्रासदायक मजकुराआधी दिलेल्या इशाऱ्यांवरच्या, अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की इशारा दिल्याने नंतरचा त्रास कमी होत नाही, लोक तो मजकूर टाळतातच असंही नाही, आणि वाचण्याआधीची धाकधूक उलट थोडी वाढते. पण तिथे लोकांपुढे एखादा उतारा किंवा चित्रफीत ठेवलेली असते, आणि ती बदलता येत नाही. आपल्या टेबलावर बदलता येते. इशारा वाचून कुणी निरोप पाठवला आणि तरीही खोलीत पाळणा तसाच राहिला, तर त्या इशाऱ्याने खरंच काही साधलं नाही. तो वाचून खोली बदलली, तर साधलं.

स्वतःचं अ‍ॅडव्हेंचर प्रकाशित करणार असाल तर

इशारा विक्रीच्या पानावर द्या आणि आत सुरुवातीलाही द्या. विषयांना त्यांची साधी नावं द्या. ‘गडद संकल्पना’ असं लिहू नका, ‘घरातली मारहाण’ लिहा. पान क्रमांक द्या, म्हणजे गेम मास्टरला तेवढंच पान आधी वाचता येईल. प्रकरणाच्या सुरुवातीला त्या प्रकरणापुरती एक ओळ पुन्हा द्या, कारण चालवणारा माणूस प्रस्तावना तीन आठवड्यांपूर्वी वाचून विसरलेला असतो. यादी स्वतः करून झाली की अ‍ॅडव्हेंचर न वाचलेल्या कुणाला तरी वाचायला देऊन त्याच्याकडून वेगळी यादी करून घ्या. आपण लिहिलेल्या प्रसंगांची आपल्याला सवय झालेली असते. माझ्या पहिल्या छोट्या अ‍ॅडव्हेंचरमधला उपासमारीचा प्रसंग मला यादीत घ्यावासाच वाटला नव्हता, तो वाचणाऱ्याने घेतला.

आणि इशाऱ्याची जाहिरात करू नका. ‘हिंमत असेल तरच उघडा’ हे वाचून ज्याला खरी माहिती हवी आहे तो हिरमुसतो आणि कुणाला काहीच कळत नाही.

इशारे दिले की लेखकाचे हात बांधले जातात असं म्हणणारे भेटतील. १९८० च्या दशकात या खेळांवर सैतानपूजेचे आरोप झाले. १९८९ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द काढून टाकले गेले आणि पुढे त्यांच्या जागी ‘तनारी’ आणि ‘बातेझू’ अशी नावं आली. हात बांधणं ते होतं, कारण मजकूरच गेला. इशाऱ्यात मजकूर जागच्या जागी राहतो आणि आत काय आहे हे ठाऊक असलेली माणसं त्याच्यासमोर येऊन बसतात. सगळ्यात अंगावर येणारी भयकथा मी अशाच गटाबरोबर खेळले आहे, जिथे प्रत्येकाने आधी यादी वाचली होती.

त्या जुन्या पुस्तकाच्या माझ्या प्रतीत पहिल्या पानावर, ‘फक्त प्रौढांसाठी’च्या खाली, मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: ‘तान्ह्या बाळाचा मृत्यू, पान ३१, दिसतो. पत्रांचा गठ्ठा ठेवला तरी चालतं.’ पुस्तक कुणी उसनं मागितलं की आधी ते पान उघडून दाखवते, मग देते.